हापूस छापला, रायवळ आला: फोटोतले रंग पडद्यावर आणि कागदावर नीट उतरवण्यासाठी

काही वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. देवगडजवळच्या एका बागायतदारांच्या, अण्णांच्या, पेटीवर चिकटवायच्या लेबलसाठी मी फोटो काढला होता. पेंढ्यात मांडलेले चार हापूस, देठाशी किंचित लाली. लॅपटॉपवर फोटो असा झळकत होता की मी स्वतःवरच खूश होतो. आठवड्याने लेबलांचा गठ्ठा छापून आला. अण्णांनी वरचं एक लेबल उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हो आंबो हापूस मां रे? माका तर रायवळ दिसता."

प्रेसवाल्याशी भांडायला गेलो. त्याने काही न बोलता माझीच फाइल उघडून दाखवली. चूक माझी होती, तीही एक नव्हे, तीन. लॅपटॉपचा उजेड पूर्ण वाढवलेला, फाइलला रंगांचं प्रोफाइल जोडलेलं नाही आणि नमुना न बघता थेट छपाईला होकार. त्यानंतर जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. होमस्टेचं माहितीपत्रक असो, मालवणच्या समुद्राचं मोठं प्रिंट असो की कोकम सरबताचं लेबल, क्रम हाच. याला पायऱ्या म्हणा, हापूस-पायरीतली पायरी नव्हे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

आंब्याच्या दिवसांत कुणी नुसतं "एक पेटी पाठव" म्हटलं की आपण लगेच विचारतो, "किती डझनाची?" पेटी चार डझनाचीही असते आणि सहाचीही. फळ मोठं असेल तर डझन कमी. फोटोचंही तसंच आहे. प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा, निळा असे ० ते २५५ मधले तीन आकडे. पण २५५ लाल म्हणजे नक्की किती लाल, हे त्या आकड्यात नसतं. ते प्रोफाइल सांगतं. प्रोफाइल नसलेली फाइल म्हणजे डझन न सांगितलेली पेटी. समोरचा आपल्या सवयीने काहीतरी गृहीत धरणार.

रोजच्या कामात तीन-चार प्रोफाइलं भेटतात. एसआरजीबी एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली पुढे आणलं. मोबाइल, वेबसाइट आणि बहुतेक फोटो लॅब हेच धरून चालतात. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ चं. त्यात हिरव्या आणि निळसर हिरव्या रंगांना जास्त जागा आहे. डिस्प्ले पी३ हल्लीच्या बऱ्याच महागड्या फोनमध्ये असतं. प्रोफोटो तर इतकं मोठं की त्यातले काही रंग डोळ्याला दिसूही शकत नाहीत.

आता माझ्या आंब्याचं काय झालं ते पाहा. एसआरजीबीमधला सर्वांत भडक लाल म्हणजे २५५, ०, ०. तोच लाल अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये लिहिला की आकडा २१९, ०, ० होतो. रंग तोच, माप वेगळं. माझी फाइल अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये होती, पण सेव्ह करताना प्रोफाइल जोडायची खूण राहिली. प्रेसच्या सॉफ्टवेअरने ते २१९ एसआरजीबीचे समजून घेतले. सगळे रंग एकेक घर खाली उतरले आणि हापूस रायवळांत जाऊन बसला.

पायरी १: खोली आणि पडदा

आपल्याकडच्या घरांत ही पायरी सर्वांत अवघड. पडवीत बसून फोटो दुरुस्त करणं मोठं सुखाचं. समोर अंगण, पलीकडे जांभ्याचा गडगा, त्यावरून परतून येणारा तांबूस उजेड. त्या उजेडात डोळा तांबड्याला सरावतो आणि फोटोतला तांबडेपणा कमीच वाटतो. मग आपण तो वाढवतो. रंगाचं काम आतल्या खोलीत करा, खिडकी पाठीशी किंवा समोर नको, भिंत पांढरी किंवा राखाडी असेल तर उत्तम. गडद निळ्या किंवा पोपटी भिंतीसमोर बसायचंच असेल तर मॉनिटरच्या मागे एक राखाडी चादर टांगा. मी दोन वर्षं तेच केलं.

पडद्यावर या गोष्टी आधी बंद करा: नाइट लाइट, ट्रू टोन, डोळ्यांच्या आरामासाठीचा पिवळा मोड, आपोआप कमी-जास्त होणारा उजेड आणि मॉनिटरचा विव्हिड किंवा गेम मोड. मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी मोड असेल तर तो लावा. काम सुरू करण्याआधी पडदा अर्धा तास चालू राहू द्या.

मग उजेड. "छापलेलं काळपट आलं" या तक्रारीमागे बहुतेक वेळा पडद्याचा वाढवलेला उजेडच असतो. छपाईच्या कामासाठी पडदा ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढाच असावा. दुकानातून आणलेला मॉनिटर पूर्ण उजेडावर याच्या दुप्पट-तिप्पट असतो. मापायचं यंत्र नसेल तर सोपी युक्ती आहे. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खोलीच्या दिव्याखाली चांगला पांढरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा चमकत असेल तर उजेड कमी करत जा, दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत. पहिले दोन दिवस पडदा मेल्यासारखा वाटेल, मग डोळा सरावतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर नव्या लेन्सच्या आधी कॅलिब्रेटर घ्या. स्पायडर किंवा कॅलिब्राइट यांचं साधं उपकरणही पुरतं, ते पडद्याला टांगून रंग मोजतं आणि त्या पडद्याचं प्रोफाइल बनवतं. डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच उपकरणांबरोबर चालतं. मापं अशी ठेवा: पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजेड १०० ते १२०. महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. आम्ही तिघांनी मिळून एक घेतलंय, ते रत्नागिरी-कणकवली-मालवण असं एसटीतून फिरत असतं.

लॅपटॉप घेताना पडद्याच्या माहितीत "४५ टक्के एनटीएससी" असं दिसलं तर तो पडदा एसआरजीबीचे जेमतेम ६० ते ६५ टक्के रंग दाखवतो. कितीही मोजमाप केलं तरी नसलेला रंग त्यात येणार नाही. अशा लॅपटॉपला बाहेरून एक बरा आयपीएस मॉनिटर जोडलेला परवडतो.

पायरी २: फोटो काढतानाच

शक्य असेल तिथे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल, काढा. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून उजेडानुसार केलेली जुळणी) नंतर बदलला तरी काही बिघडत नाही. जेपेगमध्ये तो आधीच शिजून गेलेला असतो.

कोकणात ऑटो व्हाइट बॅलन्स हमखास फसतो, कारण इथलं दृश्य अनेकदा एकाच रंगाने भरलेलं असतं. पेंढ्यातले आंबे घ्या. चौकटभर पिवळं-केशरी दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं दिवाच पिवळा आहे, आणि तो त्यात निळं मिसळतो. आंबा थंड पडतो. उलट पोफळीच्या बागेत पानांतून गाळून आलेला उजेडच हिरवा असतो. माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर, गालावर, हनुवटीखाली हिरवी छटा चढते. डोळ्याला ती तिथे जाणवत नाही, घरी आल्यावर मात्र माणूस आजारी दिसतो.

यावर उपाय म्हणजे राखाडी कार्ड. विषय जिथे आहे तिथेच, त्याच उजेडात कार्ड धरून पहिला फोटो काढा. नंतर सॉफ्टवेअरमधल्या पिपेटने (रंग उचलून मोजणाऱ्या साधनाने) कार्डावर क्लिक केलं की तो बॅलन्स त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना लावता येतो. ढग आले, जागा बदलली, की पुन्हा कार्ड. पांढरा झेरॉक्सचा कागद याला चालत नाही. त्यात चमक आणणारी रसायनं असतात आणि तो उन्हात निळसर होतो. वस्तूंचे रंग हुबेहूब हवे असतील, म्हणजे सावंतवाडीच्या गंजिफाच्या पानांचा किंवा लाकडी फळांचा कॅटलॉग करायचा असेल, तर २४ रंगांच्या चौकोनांचं कलरचेकर कार्ड घ्या. त्यावरून तुमच्या कॅमेऱ्याचं त्या दिव्याखालचं प्रोफाइल बनवता येतं.

माजघरात एलईडीचा बल्ब आणि दारातून येणारं ऊन, असा मिश्र उजेड कुठल्याच कार्डाने सुटत नाही. बल्ब बंद करा किंवा दार लावा.

आणखी एक, हापूसवाल्यांसाठी खास. केशरी आणि लाल वस्तूंमध्ये लाल चॅनेल, म्हणजे तीन आकड्यांतला लाल, सर्वांत आधी २५५ ला टेकून फाटतं. एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) मधोमध दिसतो, तरी लाल उजव्या भिंतीला टेकलेला असतो. मग आंब्याच्या सालीवरचे बारीक ठिपके जातात आणि प्लास्टिकसारखा एकसपाट केशरी पट्टा उरतो. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून ठेवा आणि लाल टेकत असेल तर एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा.

पायरी ३: सॉफ्टवेअरची मांडणी

फक्त फोन आणि वेबसाइटसाठी काम करत असाल तर सगळं एसआरजीबीमध्ये करा आणि निवांत राहा. मोठी प्रिंटं काढत असाल तर अ‍ॅडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो, पण १६ बिटमध्ये. आठ बिटला एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. त्या प्रोफोटोएवढ्या पसाऱ्यावर ताणल्या की संध्याकाळच्या आकाशात पट्टे पडतात.

फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये जोडलेलं प्रोफाइल जपून ठेवण्याचा पर्याय निवडा आणि प्रोफाइल जुळत नसेल किंवा नसेलच तर विचारण्याच्या खुणा चालू ठेवा. दर वेळी येणारी ती खिडकी कटकटीची वाटते, पण माझी पाच हजार लेबलं तिने वाचवली असती.

असाइन आणि कन्व्हर्ट यांत गोंधळ नको. कन्व्हर्ट केलं की आकडे बदलतात आणि रंग तोच राहतो. असाइन केलं की आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो. नेहमीच्या कामात कन्व्हर्टच लागतं. असाइन फक्त प्रोफाइल हरवलेल्या फाइलसाठी: आधी एसआरजीबी असाइन करून बघा, रंग मेलेले वाटले तर अ‍ॅडोबी आरजीबी. जे खरं वाटेल ते ठेवा आणि मगच कन्व्हर्ट करा.

दुरुस्ती करताना डोळ्यापेक्षा आकड्यांवर जरा जास्त विश्वास ठेवा. पांढरं धोतर, राखाडी कातळ, चुन्याची भिंत यांवर पिपेट नेऊन बघा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. २३०, २३२, २४६ असं आलं तर निळं चढलंय. दहा-पंधरा मिनिटांनी पडद्यापासून उठून बाहेर बघून या. सलग बघत राहिलं की डोळा चुकीच्या रंगालाच बरोबर मानू लागतो.

पायरी ४: पडद्यासाठी फाइल

हे लवकर उरकतं. मूळ फाइलची प्रत काढा, हव्या मापाला लहान करा (इन्स्टाग्रामला रुंदी १०८० पिक्सेल पुरते), धार (शार्पनिंग) त्यानंतर द्या, एसआरजीबीमध्ये कन्व्हर्ट करा, ८ बिट जेपेग, प्रोफाइल जोडायची खूण तपासा. झालं.

ग्राहकाला मंजुरीसाठी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो दाबून लहान होतो. आणि ग्राहकाच्या फोनवर विव्हिड मोड चालू असेल तर आंबा तिथे पेटलेलाच दिसणार. तो वाद जिंकता येत नाही. दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर बघा, सगळीकडे बरा दिसला की पुढे चला.

पायरी ५: छपाईच्या आधी विचारायचे प्रश्न

छपाई म्हणजे एकच गोष्ट नाही. लॅबमध्ये काढलेला फोटो प्रकाशाने उमटतो, त्याला एसआरजीबी फाइलच द्या, सीएमवायके (सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांची) नको. लॅबवाल्याला एवढंच विचारा: "तुमच्याकडे पेपरचं प्रोफाइल मिळेल का, आणि मशीनचं ऑटो करेक्शन बंद ठेवाल का?" शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. आपण दोन तास खपून जमवलेला संधिप्रकाश ते मशीन क्षणात दुपार करून टाकतं.

घरच्या किंवा स्टुडिओतल्या इंकजेटलाही आरजीबीच. त्या कागदाचं त्या प्रिंटरसाठीचं प्रोफाइल कागदाच्या कंपनीकडून मोफत मिळतं. छापताना रंग एकानेच सांभाळायचे, फोटोशॉपने किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरने. दोघांनी सांभाळले की दोनदा बदल होतो आणि चेहरे गुलाबी होतात.

ऑफसेटला, म्हणजे माहितीपत्रकं, लेबलं, कॅलेंडर यांना, सीएमवायके लागतं. इथे विचारा: कागद कोणता, चकाकणारा आर्ट पेपर की साधा मॅपलिथो? प्रोफाइल कुठलं वापरता? एकूण शाईची मर्यादा किती? लॅमिनेशन मॅट की ग्लॉसी? पुष्कळदा उत्तर येतं, "तुम्ही फक्त सीएमवायके करून द्या." अशा वेळी मोड बदलून मोकळं होऊ नका. फोटोशॉपमध्ये मुळात अमेरिकन स्वॉप प्रोफाइल लावलेलं असतं, तेच लागू होतं. आर्ट पेपरसाठी मी फोग्रा ३९ या छपाईच्या मोजमापांवर आधारलेलं आयएसओ कोटेड व्ही२ हे प्रोफाइल धरतो आणि प्रेसला ते कळवतो. त्यात शाईची मर्यादा ३३० टक्के आहे. मॅपलिथोवर कागद शाई पितो, म्हणून त्याला न चकाकणाऱ्या कागदाचं वेगळं प्रोफाइल.

पेटीवरच थेट छापायचं असेल तर खाकी पुठ्ठ्यावर पांढरा रंग नसतोच, हे आधी समजून घ्या. फोटोतलं पांढरं म्हणजे तिथे खाकी. म्हणूनच अण्णांसाठी आम्ही वेगळं लेबल करतो.

पायरी ६: सॉफ्ट प्रूफ, आणि समुद्र जांभळा का होतो

शाईने जे रंग होतच नाहीत ते पडद्यावरच आधी पाहून घ्यायचे, याला सॉफ्ट प्रूफ म्हणतात. फोटोशॉपमध्ये व्ह्यू, प्रूफ सेटअप, कस्टम. तिथे प्रेसचं किंवा कागदाचं प्रोफाइल निवडा, प्रिझर्व्ह नंबर्सची खूण काढा, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनची लावा. मग कंट्रोल-वाय दाबून आधीचं आणि नंतरचं बघता येतं. लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये एस हे बटण. गिम्प आणि डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्येही सोय आहे.

कागदाचा रंग दाखवणारी खूण लावली की फोटो एकदम विटल्यासारखा होतो. ती लावताना मी नजर दुसरीकडे वळवतो आणि पडद्यावरच्या बाकी पांढऱ्या खिडक्या बंद करतो. मग तो तितका वाईट वाटत नाही.

रेंडरिंग इंटेंटमध्ये, म्हणजे न जमणाऱ्या रंगांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, दोनच पर्याय कामाचे. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक जमणारे रंग जसेच्या तसे ठेवतं आणि न जमणारे कडेला आणून बसवतं. परसेप्च्युअल सगळ्यांनाच थोडं थोडं आत सरकवतं. साध्या फोटोंना पहिलं, पावसाळ्यातल्या हिरव्यागार भातशेतीला किंवा तारकर्लीच्या पाण्याला बहुधा दुसरं बरं. दोन्ही लावून बघा, वाद घालत बसू नका.

तारकर्लीचं ते निळंहिरवं पाणी सीएमवायकेत पूर्ण येत नाही. ते एकदा मान्य केलं की काम सोपं होतं. निळं जांभळं होण्याचं कारण किरमिजी शाई, म्हणजे मॅजेंटा. सायन १०० आणि मॅजेंटा ९० झालं की ते जांभळंच दिसणार. मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० ने कमी ठेवा. पाण्याची झळाळी रंग वाढवून येत नाही म्हणून ती उजेड-अंधाराच्या फरकाने आणा: लाटेची कड जरा उजळ, खालची सावली जरा गडद.

आंब्याचं उलटं. तिथे शत्रू सायन. केशरीत पिवळा आणि मॅजेंटा एवढेच हवेत. सायन मिसळला की मळ बसतो. माझ्या त्या रायवळ लेबलात पिपेट नेऊन पाहिलं तेव्हा आंब्याच्या उजळ गालावर सायन १८ टक्के होता. नवीन फाइलमध्ये तो उजळ भागात ३ च्या आत आणला आणि फळाच्या कडेला, सावलीत मात्र ठेवला. तिथूनही काढला तर आंबा गोल दिसत नाही, चकतीसारखा चपटा होतो. पानांमध्ये हेच काम मॅजेंटा करतो. कुठल्या वस्तूत कुठली शाई परकी आहे, ते ओळखायला शिकलात की निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

पायरी ७: नमुना

सॉफ्ट प्रूफ कितीही केलं तरी कागदावरचा नमुना घ्याच, त्याच कागदावर, त्याच लॅमिनेशनसह. ग्लॉसीने रंग चढतो, मॅटने काळा रंग राखाडीकडे झुकतो. लॅबमध्ये मी मोठ्या प्रिंटआधी ४ बाय ६ चे तीन नमुने काढतो: फाइल आहे तशी, जरा उजळ आणि जरा जास्त उजळ. खर्च चहा-भजीइतका.

नमुना कुठे बघायचा? छपाईच्या जगात ५००० केल्विनचा उजेड प्रमाण मानतात. तेवढ्या केल्विनचा, रंग खरे दाखवणारा म्हणजे सीआरआय ९० च्या वरचा एलईडी घेतला तर टेबलापुरती सोय होते. नाहीतर दुपारी, उत्तरेच्या खिडकीशी, थेट ऊन नसताना. आंब्याच्या झाडाखाली उभं राहून बघू नका, तिथे सगळंच हिरवट दिसतं. पिवळ्या बल्बखाली तर मुळीच नको.

जून ते सप्टेंबर इंकजेटचं काम करणाऱ्यांना वेगळी डोकेदुखी असते. दमट हवेत कागद ओलावा धरतो, वाकतो, शाई सावकाश सुकते. उघडलेलं पाकीट झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. काढलेलं प्रिंट २४ तास मोकळं ठेवल्याशिवाय रंगाबद्दल बोलू नका आणि फ्रेममध्येही घालू नका. आठवडाभर काम नसलं तरी प्रिंटरवर एखादं रंगीत पान काढा, नाहीतर नोझल (शाईची बारीक छिद्रं) बुजतात.

नमुना मंजूर झाला की त्यावर ग्राहकाची सही आणि तारीख घ्या, एक प्रत प्रेसला, एक आपल्याकडे. फाइलींची नावं अशी ठेवा की पुढच्या हंगामात स्वतःलाच कळतील: मास्टर १६ बिट, वेब एसआरजीबी, लॅब एसआरजीबी, लेबल फोग्रा ३९. सीएमवायके फाइल पुन्हा आरजीबी करून दुसऱ्या कामाला वापरायची नाही, एकदा गेलेले रंग परत येत नाहीत. दर वेळी मास्टरपासून सुरुवात.

अण्णांचं यंदाचं लेबल फेब्रुवारीतच नमुन्याला दिलं. त्यांनी ते खिडकीशी नेऊन पाहिलं, मग आत जाऊन अढीतला एक आंबा आणून शेजारी धरला. "देठाकडे जरा हिरवा रवांदे," म्हणाले. मॅजेंटा थोडा कमी, सायन ८ टक्के. दुसरा नमुना उद्या येईल.